दातवण

माझ्या पणजीचे दात काळे होते. मोठी माय, म्हणजे माझी आजी, आपल्या सासूविषयी सांगायला बसली की रंग, उंची, नाक यांच्या आधी दातांवर यायची. "मह्या सासूचे दात असे काळेभोर, असे चमकू राह्यचे, की हासली का मानूस पाह्यतच राह्ये." तिच्या सांगण्यात कौतुक असायचं आणि जरासा हेवाही. पणजी साठी ओलांडून गेली. तोवर तिचे जवळजवळ सगळे दात तोंडात शाबूत होते, हेही मोठी माय दर वेळी आवर्जून सांगायची.

हा काळेपणा ज्या चूर्णाचा, त्याला आमच्या घरात दातवण म्हणत. ते एका पितळी डबीत असायचं. त्या डबीला कुणी हात लावायचा नाही, लेकीसुनांनीसुद्धा विचारून लावायचा. पुढे हाच शब्द घरात दुसऱ्याच वस्तूला चिकटला आणि तिच्यामुळे आमच्या गल्लीतल्या बायांची तोंडं नासली. ते कसं झालं, हे मला घरातल्या म्हाताऱ्या माणसांच्या बोलण्यातून हळूहळू कळत गेलं. काही पुस्तकांतून कळलं. दोन्ही जुळवून पाहिलं तर आपल्या आज्या-पणज्यांचा एक इतिहास समोर येतो, आणि तो कुठल्या गॅझेटिअरात नाही.

आमचं बीबी हे वऱ्हाडातलं, बुलडाणा जिल्ह्यातल्या लोणार तालुक्यातलं गाव. मेहकरहून सुलतानपूर ओलांडून शिंदखेडराजाकडे जाणाऱ्या जुन्या नागपूर-मुंबई रस्त्यावर ते लागतं. एका अंगाला लोणारचं विवर, दुसऱ्या अंगाला जिजाऊंचं शिंदखेड. पलीकडे काही कोस गेलं की जुन्या लोकांच्या भाषेत 'मोगलाई' सुरू व्हायची. मोगलाई म्हणजे निजामाचं राज्य. तसं वऱ्हाडही कागदोपत्री निजामाचंच होतं, पण १८५३ च्या तहानं त्याचा कारभार इंग्रजांकडे गेला, १९०२ मध्ये कर्झननं तो कायमच्या पट्ट्यानं घेतला. त्यामुळे आमच्याकडे इंग्रजी अंमल आणि जालना, मंठा, जिंतूर या बाजूला मोगलाई, अशी वाटणी १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत चालली. सोयरिकींना ही हद्द कधी आडवी आली नाही. आमची पणजी मोगलाईतूनच आलेली, आणि मोठ्या मायच्या म्हणण्यानुसार दातवणाची डबी ती माहेराहून बरोबर घेऊन आली होती.

डबीत काय असायचं ते मोठी माय सांगायची. हिराकस, मायफळ आणि हिरडा. कुणी त्यात लोखंडाचा कीस घालायचं, कुणी कात, वासाला लवंग. हिरडा आणि मायफळ कुटून वस्त्रगाळ करायचं, हिराकस तव्यावर फुलवून घ्यायची, मग सगळं एकत्र खलायचं. रात्री जेवणखाण, भांडी, उष्टं-खरकटं सगळं आटोपलं की आधी कोळशानं दात घासून कोरडे करायचे, मग बोटानं हे चूर्ण लावून निजायचं. सकाळपर्यंत पाणी प्यायचं नाही. आठ-पंधरा दिवस नेमानं केलं की रंग धरायचा, आणि धरला की मग सणावाराला, लग्नकार्याच्या आधी उजळून घेतला तरी पुरे. ('उजळून' हा तिचाच शब्द. काळं करण्याला ती उजळणं म्हणायची.)

यातली प्रत्येक वस्तू कुठून कुठून आलेली असायची. हिरडा डोंगरातला, मेळघाटचा किंवा सह्याद्रीचा. हिराकस म्हणजे लोखंडाचा हिरवट क्षार, तो काष्टौषधीच्या दुकानातून. आणि मायफळ तर नावापुरतंच फळ. इराण-तुर्कस्तानाकडे ओकच्या जातीचं एक झाड असतं, त्याच्या कोवळ्या फांदीत एक बारीकशी माशी अंडी घालते, आणि झाड त्या जागी गाठ धरतं. ती वाळलेली गाठ म्हणजे मायफळ. जहाजातून, बैलांच्या पाठीवरून, मन्याराच्या पेटाऱ्यातून ती गाठ आमच्या माळवदाच्या घरात यायची आणि एका शेतकरणीच्या दातांवर लागायची. जिनं आयुष्यात रेल्वे पाहिली नाही तिच्या डबीत तुर्कस्तान होतं.

मायफळ आणि हिरडा तुरट. त्यांच्यातलं तुरट द्रव्य म्हणजे टॅनिन. त्याला हिराकशीतलं लोह भेटलं आणि हवा लागली की काळाकुट्ट, पाण्यात न विरघळणारा रंग तयार होतो. युरोपात शतकानुशतकं राजपत्रं, धर्मग्रंथ, दस्तऐवज ज्या शाईनं लिहिले गेले, ती शाई याच दोन गोष्टींची, मायफळ आणि हिराकस यांची. आपल्याकडे कापडाला काळा रंग देणाऱ्या रंगाऱ्यांनाही हिरडा-लोखंडाची ही जोडी ठाऊक होती. बायांनी ती दातांवर आणली. हे शोधलं कुणी, कधी, ते कुणी लिहून ठेवलेलं नाही, पण त्या बाईला किंवा बायांना रसायन कळत होतं, एवढं मी खात्रीनं म्हणेन.

शब्द मात्र या चूर्णाहून जुना आहे. दंतपवन या संस्कृत शब्दापासून दातवण आला. पवन म्हणजे इथे वारा नव्हे, शुद्ध करणारं. आणि दंतपवन म्हणजे मुळात काडी. वाग्भटाच्या अष्टांगहृदयात दिनचर्येचा अध्याय आहे, त्यात ती कशी असावी ते नेमकं सांगितलंय: रुई, वड, खैर, करंज, अर्जुन अशा झाडांची, चवीला तुरट, तिखट किंवा कडू, करंगळीच्या टोकाएवढी जाड, बारा अंगुळं लांब, सरळ. सातव्या शतकात चीनहून आलेला इत्सिंग नालंदेत राहिला. त्यानं आपल्या वृत्तांतात भारतीय भिक्षूंच्या या काडीवर एक स्वतंत्र प्रकरण लिहिलं, कारण रोज सकाळी काडी चावून दात घासायचे ही गोष्ट त्याला आपल्या देशातल्या लोकांना शिकवण्याजोगी वाटली.

आमच्या गावात काडी होती ती पुरुषांची. निंबाची, बाभळीची, नाही तर बांधावरच्या करंजाची. आबा, म्हणजे आजोबा, वखर घेऊन निघाले की वाटेतल्या निंबाची डहाळी मोडायचे आणि शेत येईपर्यंत चावत जायचे. तिला ते दातवणच म्हणायचे. एकाच घरात आबांचं दातवण हिरवं आणि पणजीचं दातवण काळं, आणि दोघांनाही त्यात काही अडचण नव्हती. ज्यांना काडीचाही वेळ नसे त्यांच्यासाठी चुलीतला कोळसा किंवा गोवरीची राखुंडी. पोरांना राखुंडी. तिची चव अजून जिभेवर आहे, खारट आणि भुरभुरीत.

आबांना खरं तर माणसांच्या दातांपेक्षा बैलांच्या दातांत जास्त रस. बैलबाजारातून ते घरी आले की जोडीचा रंग, शिंगं, चाल यांच्या आधी दात सांगायचे. बैलाला वरच्या जबड्यात पुढचे दात नसतातच, तिथे नुसती कठीण हिरडी असते. खाली आठ. दोन-सव्वादोन वर्षांचा झाला की मधले दुधाचे दोन पडून कायमचे दोन येतात, तो दोनदाती. मग चारदाती, सहादाती, आणि साडेचार-पाचाच्या सुमाराला आठही आले की जुळलेला. पश्चिम महाराष्ट्रात शर्यतीवाले आदत, दुसा, चौसा म्हणतात, हिशोब तोच. पुढे दात झिजायला लागतात, आणि झिजलेले दात पाहून बैलाची आणखी किती सालं उरलीत ते जाणता माणूस सांगतो. बैल विकणारा हेडी कितीही गोड बोलला तरी आबा बैलाचा खालचा ओठ अंगठ्यानं ओढून पाहिल्याशिवाय सौद्यासाठी रुमालाखाली हात घालायचे नाहीत. फुकट मिळालेल्या गोष्टीत कुणी खोट काढली की "धर्माची गाय अन् दात का गं नाय" ही म्हण त्यांच्या तोंडी यायचीच. दात हा त्यांच्या लेखी दाखला होता, वयाचा आणि वकुबाचा.

बायकांच्या जगातही दात दाखलाच होते, पण दुसऱ्या गोष्टीचे. पोरगी पाहायला आलेल्या बाया तिला बोलतं करायच्या, जमलं तर हसवायच्या, आणि दात पाहून घ्यायच्या. कुवार पोरीचे दात पांढरे. लग्न झालं, न्हाण आलं, नांदायला आली की काळे. लग्नात वरमायला सकाळी पाटावर बसवून मुखमार्जन करवायचं, गरम पाणी, आरसा, आणि दातवणाची वाटी पुढे ठेवायची, त्या वाटीत कसर झाली तर विहीण वर्षभर दात धरून बसायची. मोठ्या मायच्या लग्नात असं झालं होतं म्हणे. वाटीत चूर्ण कमी पडलं, आणि तिच्या सासूनं, म्हणजे त्याच काळ्या दातांच्या पणजीनं, मंडपात दातखीळ बसल्यासारखी गप्प राहून सगळ्यांना घाम फोडला. शेवटी मोगलाईतल्या एका आत्याबाईनं स्वतःची डबी काढून दिली तेव्हा जेवणं उठली. ही गोष्ट मोठी माय आम्हाला दर लग्नसराईत सांगायची आणि दर वेळी आत्याबाईला हात जोडायची.

मग पणजोबा गेले. पणजीनं कुंकू पुसलं, बांगड्या उतरल्या, आणि डबी देवळीतून उचलून माळ्यावर ठेवली. कुंकू एका क्षणात जातं. दातांचा रंग जायला महिने लागले. मोठी माय म्हणायची, "रोज थोडा थोडा उडू राह्यला तो रंग. मह्याच्यानं पाह्यवे ना." एके दिवशी पणजी अंगणात कुणाशी तरी बोलताना हसली आणि दात पांढरे दिसले, तेव्हा मोठी माय आत जाऊन रडली. पांढऱ्या दातांची एवढी धास्ती का, हे आज दातांच्या जाहिराती पाहून वाढलेल्या माझ्या भाच्यांना समजावून सांगायला मला बराच वेळ लागतो. त्या घरात पांढरे दात म्हणजे कुवारपण किंवा रंडकेपण. मधलं सगळं भरलेलं आयुष्य काळं होतं. विधवेकडून जे जे काढून घेतलं गेलं त्याच्या यादीत आपण केस, कुंकू, रंगीत लुगडं मोजतो, दात मोजत नाही. मला वाटतं ते मोजले पाहिजेत, कारण बाकीच्या गोष्टी दुसऱ्यांनी काढून घेतल्या, आणि हा रंग तिच्या तोंडात, तिच्याच थुंकीनं, दिवसादिवसानं उतरत गेला.

काळ्या दातांना मान देणारे आपणच नव्हतो. निजामाच्या हैदराबादेत आणि उत्तरेत लखनौपर्यंत 'मिस्सी' होती. तिच्यातही हिरडा, मायफळ, लोखंडाचा कीस आणि हिराकस, म्हणजे आमच्याच डबीतला माल. जपानात लग्न झालेल्या बाया आणि दरबारी माणसं शेकडो वर्षं दात काळे करत. तिथेही लोखंड आणि झाडावरची गाठ. १८७० मध्ये तिथल्या नव्या सरकारनं सरदारघराण्यांना ते करायला मनाई केली आणि १८७३ मध्ये खुद्द सम्राज्ञी पांढऱ्या दातांनी लोकांपुढे आली. व्हिएतनाममध्ये विसाव्या शतकातही काळ्या दातांच्या म्हाताऱ्या होत्या. एवढ्या लांबलांबच्या बायांना एकच रंग सुचावा, याचं मला फार अप्रूप आहे.

आपल्याकडे सम्राज्ञीनं काही केलं नाही, सरकारनंही नाही. आपल्याकडे तंबाखू आली.

तंबाखू या देशात पोर्तुगीजांच्या जहाजांतून उतरली ती दख्खनच्या किनाऱ्यावर. अकबराचा वकील असद बेग विजापूरला आला होता, तिथे त्यानं ती पहिल्यांदा पाहिली आणि १६०४-०५ च्या सुमाराला बादशहासाठी आग्र्याला नेली, हे त्यानंच लिहून ठेवलंय. म्हणजे दिल्ली-आग्र्याआधी तंबाखू दख्खनची झाली होती. १६१७ मध्ये जहांगीरनं तिच्यावर बंदी घातली, ती कुणी मानली नाही. पुरुषांनी चिलीम धरली, पान-सुपारीत तंबाखू आली, तपकीर आली. बाईनं चारचौघांत चिलीम ओढणं आमच्या बाजूला खपण्यासारखं नव्हतं. पण बाईला दात घासायची मुभा होती. तव्यावर तंबाखूचं पान जाळलं, चुरलं, की काळं चूर्ण होतं. दिसायला दातवणासारखं, लावायची रीत दातवणाची, बोटही तेच. हिला नाव मिळालं मिश्री, काही भागांत मशेरी. मला ते नाव मिस्सीचंच वळण वाटतं, आणि वस्तूही मिस्सीच्या जागेवरच येऊन बसली.

आमच्या घरात हा बदल एका पिढीत झाला. मायफळ महाग झालं, मन्यार यायचे थांबले, हिराकस कुटत बसायला वेळ राहिला नाही. तंबाखू प्रत्येक किराणा दुकानात. पणजीची रिकामी डबी माळ्यावरून खाली आली आणि मोठ्या मायनं तिच्यात मिश्री भरली. शब्द तोच ठेवला. "थांब, दातवण लावून येतो," असं म्हणून ती ओट्यावर बसायची. पणजीच्या डबीला जो मान होता तो मिश्रीला आयता मिळाला. तंबाखू खाणाऱ्या पुरुषाला घरात टोकत, सोडायला सांगत. दातवण लावणाऱ्या बाईला कोण टोकणार? सगळं दुखणं इथून सुरू झालं, असं माझं ठाम मत आहे. तंबाखू आमच्या बायांकडे व्यसनाच्या वाटेनं आलीच नाही. ती सौभाग्याच्या वाटेनं आली.

दुपारी कुणाच्या तरी घरी मिश्री भाजली जात असली की सगळ्या आळीला ठसका लागायचा. तेवढ्या वासानं बाया गोळा व्हायच्या. हा त्यांचा बसायचा वेळ. सासू झोपलेली, पुरुष शेतात, पोरं शाळेत, आणि ओट्यावर चार-पाच जणी, तोंडात बोट, एका कडेला थुंकायचं, हलक्या आवाजात बोलायचं. बाईला घरात बिनकामाचं बसायची सोय नव्हती. दात घासायला बसली तर मात्र कुणी उठवत नसे. मिश्री सुटत का नाही, याचं उत्तर निकोटीनमध्ये आहेच, पण या ओट्यावरही आहे. ज्यांनी हा ओटा पाहिला नाही त्यांनी केलेले उपदेश बायांच्या कानांवरून जातात.

१९७२ च्या दुष्काळानं मिश्रीची सवय आणखी घट्ट केली. मोठी माय आणि माझी आई दोघीही खडी फोडायला जायच्या. रेशनवर अमेरिकेची लाल मिलो यायची, पोरांना सुकडी वाटायचे. बाया सकाळी भाकरीचा चतकोर खाऊन कामावर जायच्या आणि दुपारी भूक लागली की मिश्री लावायच्या. "भूक मरते तिच्यानं," मोठी माय सांगायची. "दातात धरली का घंटाभर पोट बोलत नाई." भूक मारायला म्हणून त्या उन्हाळ्यात ज्या पोरींनी पहिल्यांदा बोट डबीत घातलं, त्यांतल्या कित्येकींचं ते पुढे पाऊस आल्यावर, ज्वारी पिकल्यावरही डबीतच राहिलं. माझी आई त्यांतलीच. दात कोरून पोट भरत नाही अशी म्हण आहे आपल्यात. त्या साली आमच्या बायांनी दात घासून पोट भरल्याचं समाधान करून घेतलं.

त्याआधीच बाजारची तयार पावडर यायला लागली होती. नागपूरहून मुंबईला गेलेल्या केशव विष्णू पेंढरकरांनी १९५२ मध्ये विको सुरू केली आणि वज्रदंती घराघरांत नेली. काळी माकडछाप होती, डाबरचं लाल दंतमंजन होतं, आणि कोलगेट तर एवढं मुरलं की आमच्याकडे कुठल्याही पेस्टला अजून कोलगेटच म्हणतात. शाळेत गुरुजी रांगेत उभं करून दात पाहायचे. काळे दात आता अडाणीपणाचे झाले. मोठी माय हसताना पदर तोंडावर धरायला लागली. जिच्या सासूनं मिरवले, तिला तेच झाकावे लागले. आणि झाकायची वेळ आली म्हणून मिश्री सुटली नाही, ती फक्त पदराआड गेली.

पदराआड गेलेल्या गोष्टी दवाखान्यात फार उशिरा पोचतात. आमच्या मागच्या घरच्या काकींच्या गालात आतून पांढरा चट्टा आला होता, पुढे तोंड उघडेना. जखम भरेना म्हणून जिल्ह्याला नेलं, तिथून मोठ्या शहरात. वर्ष निघालं नाही. त्यांना कुणीही, कधीही तंबाखू खाणारी बाई म्हटलं नव्हतं. त्या स्वतःही म्हणत नसत.

हे कळायला मोठे आकडे फार आधीपासून हाताशी होते. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत दातांच्या रोगांवर काम करणारे डॉ. फली मेहता आणि त्यांचे सहकारी महाराष्ट्रातल्या खेड्यांत फिरले, १,०१,७६१ माणसांची तोंडं तपासली, आणि तंबाखूच्या सवयींचा तोंडाच्या कर्करोगाशी आणि त्याआधीच्या चट्ट्यांशी असलेला संबंध १९७२ मध्ये जगापुढे मांडला. ज्या साली आमच्या बाया खडीवर मिश्री लावायला शिकत होत्या, त्याच साली. पुढे १९९२ मध्ये केंद्र सरकारनं टूथपेस्ट आणि दंतमंजनात तंबाखू घालायला बंदी केली, ती न्यायालयात गेली आणि १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं कायम ठेवली. कायदा चांगलाच आहे. पण तो दंतमंजनात लपवलेल्या तंबाखूला लागू. मिश्री ही सगळीच तंबाखू, आणि ती घरच्या तव्यावर होते. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातल्या प्रौढांपैकी २६.६ टक्के लोक कुठल्या ना कुठल्या रूपात तंबाखू घेताना आढळले. हा आकडा वाचताना मला दर वेळी शंका येते, की आमच्या ओट्यावरच्या किती जणींनी विचारणाऱ्याला "नाही" असं उत्तर दिलं असेल, आणि अगदी खरं समजून दिलं असेल.

दरम्यान माझी एक भाची दंतवैद्यक शिकायला लागली. तिच्याकडून कळलं की लहान मुलांच्या किडलेल्या दातांना सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइड नावाचं एक द्रावण लावतात. टोचायचं नाही, कोरायचं नाही, थेंबभर लावायचं, कीड थांबते, फक्त तो भाग काळा पडतो. हे औषध जपानातलं, १९६० च्या दशकात तिथे तयार झालं. २०१४ मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली आणि २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं ते अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतलं. जुन्या रिवाजानं काळे केलेले दात कमी किडायचे, हे जपानातल्या दंतवैद्यांनी पाहून ठेवलं होतं. तुरट द्रव्य आणि लोह यांच्या थराला आम्लं सहजी पोखरत नाहीत, असं सांगणारे अभ्यासही आहेत. पणजीचे दात साठीपर्यंत टिकले याचं सगळं श्रेय मी डबीला देणार नाही. तिनं साखर क्वचितच खाल्ली, आयुष्यभर ज्वारीची भाकर चावली. तरीही मोठ्या मायनं सांगितलेली हिराकस-मायफळाची रीत मी वहीत उतरवून ठेवली आहे. ती शहाणपणाची होती. मिश्रीला दातवण म्हटल्यामुळे ते शहाणपण बदनाम झालं आणि विष मात्र सोवळं ठरलं, याचा मला राग आहे.

आई आता सत्तरीपुढे आहे. तिनं मिश्री सोडली ती आमच्या उपदेशानं नाही. सुनेला दिवस राहिले तेव्हा सून आईच्या शेजारी बसून कुतूहलानं डबीत बोट घालायला गेली आणि आईनं तिच्या हातावर फटका मारला. गरोदर बाईनं तंबाखू लावली तर मूल हलकं निपजतं, हे तिनं आरोग्य केंद्रात ऐकलं होतं. तेव्हा तिच्या तोंडून पहिल्यांदा "तंबाखू" हा शब्द निघाला, त्या डबीसाठी. त्या महिन्यात तिनं किती त्रास काढला ते आम्ही पाहिलंय. डोकं दुखायचं, पोट साफ व्हायचं नाही, चिडचिड. लवंग, बडीशेप, भाजलेला ओवा तोंडात धरून तिनं तो काढला.

आमच्या भागातल्या एका आशाताईंशी या दिवाळीत बोलणं झालं. घरोघरी जाऊन त्या नोंदी करतात. आधी त्या छापील कागदावरचा प्रश्न वाचायच्या, तंबाखू खाता का, आणि बाया खुशाल नाही म्हणायच्या. आता त्या आधी ओट्यावर टेकतात, पाणी मागतात, आणि मग विचारतात, "मावशी, सकाळी दाताले काय लावता?" बाई सांगते, दातवण. मग त्या म्हणतात, दाखवा बरं. डबी बाहेर आली की त्या चिमूटभर हातावर घेऊन वास घेतात, मावशीला घ्यायला लावतात, आणि मग तोंड उघडायला सांगून मोबाइलच्या उजेडात गालाच्या आतली बाजू पाहतात. गेल्या फेरीत त्यांना दोघींच्या गालात पांढरे चट्टे दिसले. दोघींनाही त्यांनी स्वतः एसटीत बसवून तपासणीला नेलं, आणि दोघींचंही अजून वेळेत आहे असं डॉक्टरांनी सांगितलं.